शेवटच्या रांगेतला वास

"खिडकी उघड! लवकर उघड!" कुशल दोन्ही हातांनी नाक दाबून ओरडला.

"कोचची खिडकी उघडत नसते, शहाण्या," त्याचा मोठा भाऊ समर म्हणाला. "आणि तोंड बंद ठेव. तोंडाने श्वास घेतलास तर ती वास जिभेवर बसते."

"तो वास. बसतो," वरदाने सवयीने दुरुस्ती केली.

"तो काय, ती काय! घाण आहे ना? दॅट्स द पॉइंट!"

घाण तर होतीच! २००६ सालचा जुलै, सगळं इंग्लंड तव्यासारखं तापलेलं, आणि मराठी मंडळाची सहल कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या एसी बसने, हाउन्सलोहून निघालेली. सहलीचं नाव होतं 'इजिप्तला न जाता इजिप्त'. लंडनला थेम्सच्या काठावरचा ओबेलिस्क, म्हणजे इजिप्तचा उंच दगडी स्तंभ, बघायचा, विंचेस्टरला मुक्काम करायचा, डॉर्सेटमधल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर नाईलमधल्या फिलाई बेटावरून आणलेला दुसरा ओबेलिस्क बघायचा. मग सॉल्सबरी, बाथ आणि शेवटी ब्रिस्टलच्या म्युझियममधल्या ममी. गाइड होते वरदाचे आजोबा, डॉक्टर शशिकांत. चाळीस वर्षं ब्रिटिश हॉस्पिटलांत काढून ते निवृत्त झाले होते आणि आता हातात माइक आला की सोडत नव्हते.

"मंडळी, हा ओबेलिस्क क्लिओपात्राच्याही चौदाशे वर्षं आधीचा... आक् छी!" उन्हाळाभर त्यांना गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असे. नाक कायम चोंदलेलं. कोचमधल्या वासाचा त्यांना पत्ताच नव्हता.

बाकी सगळ्यांना मात्र होता. वरदा तेरा वर्षांची, तिला प्रत्येक गोष्ट नीट तपासून बघायची खोड. तिने डोळे मिटून वास हुंगला. आधी ओल्या कुत्र्याचा, मग बंद तळघराचा, आणि सगळ्यात शेवटी काहीतरी गोडसर, घशात चिकटून बसणारं.

"टॉयलेटमध्ये कोणीतरी चीज सँडविच खाताना मेलंय," दहा वर्षांच्या कुशलने निदान केलं.

पण टॉयलेट स्वच्छ होतं. ड्रायव्हर कीथने ते दोनदा धुतलं. मग संशय समरच्या बुटांवर गेला. ते पिशवीत बांधून खालच्या सामानात टाकले. वास तसाच! शेवटी मंडळाच्या सेक्रेटरी सुप्रभामावशी रुमाल नाकाला लावून मागे आल्या आणि शेवटच्या रांगेपाशी थांबल्या. तिथे समर-कुशलची आजी, यमुनाआजी, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"यमुनाताई, ह्या पिशवीत काय आहे?"

"चिवडा आहे. आणि जरासे सुके बोंबील," आजी म्हणाल्या. "हॉटेलातलं फिकं जेवण घशाखाली उतरत नाही हो. डब्यात आहेत, वर दोन पिशव्या बांधल्यात."

"बोंबील! शी शी शी! अहो, कोचमध्ये शाकाहारी माणसं आहेत!"

विंचेस्टरला उतरल्याबरोबर सुप्रभामावशींनी तो डबा टिश्यूच्या चिमटीत धरला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला. मग तोच टिश्यू रस्त्यावर!

माइकवरून डॉक्टर म्हणाले, "मंडळी, मिस्टरी सॉल्व्ह्ड! पेशंट बरा झाला! आक् छी!"

पेशंट बरा झाला नाही. दुसऱ्या दिवशी, डॉर्सेटच्या वाटेवर, वास दुप्पट झाला.

"डबा टाकला तरी सीटमध्ये मुरलाय ना तो," सुप्रभामावशींनी जाहीर केलं. शेवटच्या रांगेच्या आसपासची माणसं एकेक करून पुढे सरकली. रात्री हॉटेलवर आजींनी चिवडा पुढे केला तेव्हा एका काकूंनी हसून मूठभर घेतला, आणि आजींची पाठ वळताच तो हॉटेलच्या कुंडीत टाकून हात पँटला पुसले. वरदाने ते पाहिलं. कालपासून तिला वासाने मळमळत होतं. आता माणसांमुळे मळमळायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाथला निघताना सुप्रभामावशींनी नवा उपाय काढला. डॅशबोर्डवर एक केळं ठेवलं आणि त्यात दोन उदबत्त्या खोचल्या.

"नो स्मोकिंग!" कीथ किंचाळला.

"धिस इज नॉट स्मोकिंग, धिस इज गॉड!" सुप्रभामावशी म्हणाल्या.

त्या दोघांचं भांडण चालू असताना वरदा मात्र धुराकडे बघत होती. धूर सरळ वर जायला हवा होता. तो गेला नाही! उदबत्तीपासून तो आडवा वाकला, खाली उतरला, आणि गाइडच्या सीटखालच्या जाळीत शिरला. थोड्या वेळाने पार मागे, यमुनाआजींच्या डोक्यावरच्या गोल भोकातून त्याच चंदनाचा वास आला.

"समर!" वरदा कुजबुजली. "पाहिलंस?"

"काय? धूर? खूप पाहिला. डोळे जळतायत माझे."

"अरे, हवा पुढे ओढली जाते आणि मागे सोडली जाते! वास मागे येतो, याचा अर्थ तो मागे तयार होतो असं नाही!"

समरने तोंड उघडलं, वास आठवून पटकन मिटलं.

बाथमध्ये सगळे रोमन लोकांचं स्नानकुंड बघायला गेले. कोमट, वाटाण्याच्या सूपासारखं हिरवं पाणी. त्यात कोणाची तरी जखमेवरची चिकटपट्टी तरंगत होती. "आपल्या कोचपेक्षा वास बरा आहे," कुशल म्हणाला. तेवढ्यात खांबापलीकडून सुप्रभामावशींचा आवाज आला.

"चहा झाला की यमुनाताईंना टॅक्सीने स्टेशनवर सोडायचं. लंडनची ट्रेन आहे. त्यांचा मुलगा पॅडिंग्टनला घ्यायला येईल. ब्रिस्टलपर्यंत कोणी हे सहन करणार नाही."

"बरं, बरं. वाईट वाटतं, पण कमिटीचं तसंच म्हणणं असेल तर..." हा डॉक्टरांचा आवाज.

समरचा चेहरा लाल झाला. "आजी फक्त ब्रिस्टलसाठी आली आहे! आमचे आजोबा शिपवर होते ना, इंजिनरूममध्ये. सुएझमधून कितीदा गेले, पण वर येऊन इजिप्त बघायला त्यांना कधी सुट्टीच नाही मिळाली. ते आजीला म्हणायचे, रिटायर झालो की दोघं जाऊ. मग ते... आय मीन, ते गेले. आजीला ममी बघायची आहे. एकदाच!"

"ओरडू नकोस," वरदा म्हणाली. "मोठी माणसं चहाला बसली की आपण कोचमध्ये जायचं."

कीथ कोचपार्कमध्ये दारं उघडी टाकून पाय पसरून बसला होता. वरदाने त्याला जाळीबद्दल विचारलं.

"बरोबर ओळखलंस, पोरी," तो इंग्रजीत म्हणाला. "हवा ह्या जाळीतून आत जाते, छतातून मागे निघते. पुढची भोकं गेल्या महिन्यापासून बंद पडलीयेत. सगळा वारा मागच्या रांगेला."

समरने गाइडच्या सीटखाली वाकून पाहिलं. जाळीला टेकवून, टॉवेलने झाकलेला निळा कूलबॉक्स होता. त्याने टॉवेल बाजूला केला. झाकणावर जाड मार्करने लिहिलं होतं: 'औषधे. हात लावू नये. डॉ. शशिकांत.'

अक्षर वरदाच्या ओळखीचं होतं.

"तुझे आजोबा आहेत," समर म्हणाला. "तू नको उघडू. मी उघडतो. मग मलाच बोलणी बसतील."

वरदाला आजोबांचा राग माहीत होता. पण स्टेशनवर एकट्या बसलेल्या यमुनाआजी तिच्या डोळ्यांपुढून हटेनात.

"नाही," ती म्हणाली. "मीच उघडते."

तिने झाकण वर केलं, आणि तिघंही ओरडली! वास नुसता आला नाही, तो अंगावर चालून आला. आत वितळलेल्या बर्फाचं पिवळट पाणी होतं. पाण्यात चिंब टॉवेल, टॉवेलात घट्ट बांधलेली पारदर्शक पिशवी, आणि पिशवीत कापडी पट्ट्यांत गुंडाळलेलं हातभर लांब काहीतरी. पट्ट्यांवर राखाडी-हिरवी बुरशी मांजराच्या केसांसारखी उगवली होती. एका टोकाला पट्टी सुटून एक लांब, वाकडी, काळी चोच बाहेर आली होती.

कुशल धावत बाहेर गेला आणि कचऱ्याच्या पेटीत पोट रिकामं करून आला. "आय अ‍ॅम फाइन," तो म्हणाला. "ते काय आहे?"

"आयबिस," वरदा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "इजिप्तमधला पक्षी. ही ममी आहे! खरी!"

"पण ममी तर सुकी असते. तिला वास कसा येईल?"

"तेच तर! हजारो वर्षं सुकी होती. कोणीतरी तिला ओली केली." तिने कूलबॉक्सकडे पाहिलं, मग त्यावरच्या अक्षरांकडे. आणि तिला सगळं कळलं.

"चला, जाऊन सांगू!" समर म्हणाला.

"सांगून काय होणार? सुप्रभामावशी म्हणतील, हा वास वेगळा आणि बोंबलाचा वेगळा. आपल्याला प्रयोग करायला हवा." वरदाने क्षणभर विचार केला. "कुशल, आजीकडे आणखी बोंबील आहेत का?"

"एक पॅकेट आहे. मावशींना सापडलं नाही!"

तिघांनी भराभर काम केलं. कूलबॉक्स अलगद उचलून कोचपासून लांब, झाडाच्या सावलीत नेला. वरदाने पाणी ओतून टाकलं, पिशवीची गाठ सोडून तोंड उघडं ठेवलं, पण ममीला बोटही लावलं नाही. समरने बोंबलांचं पॅकेट फोडलं आणि एका ठरावीक सीटखाली सरकवून दिलं. कीथने पंखा पूर्ण वेगाने सोडला. "हा वास गेला तर मी तुम्हा तिघांना आइस्क्रीम देणार," तो म्हणाला.

चहा संपला. माणसं कोचमध्ये चढू लागली. यमुनाआजी खालीच उभ्या राहिल्या, पायाशी बॅग, नजर टॅक्सीच्या वाटेवर.

सुप्रभामावशी आपल्या सीटवर टेकल्या. त्यांनी जपून एक श्वास घेतला. मग एक मोठा घेतला.

"अगं बाई! वास गेला! बघा, म्हटलं नव्हतं मी? त्या खाली उतरल्या काय आणि हवा कशी स्वच्छ झाली! आहाहा!"

"खरंच हो!" "केवढा फरक!" सगळीकडून आवाज आले.

"नक्की गेला ना, मावशी?" वरदाने विचारलं. "अजिबात येत नाही? नीट बघा हं."

"मुळीच नाही! फुलासारखा वास येतोय!"

"कुशल," वरदा म्हणाली.

कुशल मावशींच्या पायांशी वाकला आणि उघडं पॅकेट काढून सगळ्यांसमोर उंच धरलं. "सुके बोंबील! मावशींच्या सीटखाली होते! फुलासारखे!"

मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. सुप्रभामावशींनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

"हा काय चावटपणा आहे?" डॉक्टर उठले, आणि त्यांची नजर सीटखाली गेली. "माझा कूलबॉक्स? माझा कूलबॉक्स कुठाय? त्याला कोणी हात लावला?"

"मी लावला, आजोबा. तो झाडाखाली आहे. तीन दिवस वास त्याचाच येत होता."

"अगं, पण... ते सरप्राइज होतं! माझ्या एका जुन्या कलीगच्या घरी शंभर वर्षं पडून होती ती ममी. त्याच्या बायकोने ब्रिस्टलच्या म्युझियमला द्यायला माझ्याकडे सोपवली. म्हटलं, आधी तुम्हा सगळ्यांना दाखवावी. वास कसा येईल तिला? मी इतकी काळजी घेतली! एवढा उकाडा, बॉडी खराब व्हायला नको, म्हणून आधी आठवडाभर गॅरेजमध्ये बर्फात, मग रोज हॉटेलातून ताजा बर्फ..."

"बॉडी बर्फात ठेवायची हे हॉस्पिटलमध्ये, आजोबा! तिथली बॉडी ताजी असते. ही खारवून, सुकवून, गुंडाळून हजारो वर्षं टिकली, कारण तिच्यात पाणी नव्हतं. पाण्याशिवाय बॅक्टेरिया वाढत नाहीत, बुरशी वाढत नाही. तुम्ही तिला पाणी दिलंत, आणि वर प्लॅस्टिक बांधलंत!"

डॉक्टर मटकन सीटवर बसले. मंडळींपैकी दोघेतिघे डॉक्टर होते. एकाचीही नजर वर होईना. त्यांनीही हेच केलं असतं!

बाहेर टॅक्सी येऊन थांबली होती. डॉक्टर उठले, घाईघाईने खाली उतरले आणि टॅक्सीवाल्याला हाताने खूण करून परत पाठवलं. मग यमुनाआजींसमोर उभे राहिले.

"यमुनाताई, चूक माझी होती. फार मोठी. तुम्ही वर चला."

आजींनी बॅग उचलली नाही. "मेलेल्या पाखराला तुम्ही बर्फात जपलंत, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी जिवंत होते. मला एकदा विचारलं असतंत तरी चाललं असतं."

त्यांनी आजींची बॅग स्वतः उचलली. सुप्रभामावशी दारात आल्या. "मी... मला माफ करा. माझ्या शेजारी बसाल?"

"आज नको," आजी म्हणाल्या. "आज मी माझ्या नातवंडांत बसते."

आणि वरदाचा हात धरून त्या वर चढल्या.

ब्रिस्टलच्या म्युझियममध्ये क्युरेटर मिस पेनरोझ यांनी मास्क लावून कूलबॉक्समध्ये बराच वेळ पाहिलं. कोणी श्वास घेत नव्हतं, आणि ह्या वेळी वासामुळे नव्हे.

"बुरशी बहुतेक बाहेरच्या पट्ट्यांवरच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "सावकाश सुकवली तर वाचेल. आणखी दोन दिवस अशीच राहिली असती तर मी काही करू शकले नसते. पिशवी उघडून, हात न लावता सावलीत कोणी ठेवली?"

डॉक्टरांनी तिन्ही मुलांना पुढे ढकललं. "ह्यांनी. मी चाळीस वर्षं डॉक्टर आहे, मॅडम. माझं काम ह्या तिघांनी निस्तरलं." त्यांनी वरदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत पुटपुटले, "शाबास, पोरांनो."

"नेमकं तेच करायला हवं होतं," मिस पेनरोझ म्हणाल्या. "एक्स-रे काढू तेव्हा तुम्हाला बोलावणार. तुम्ही तिघं, आणि तुमच्याबरोबर अजून कोणाला आणायचं असेल तर."

"आजीला!" समर आणि कुशल एकदम ओरडले.

पण आजी तिथे नव्हत्या. शोधत शोधत तिघं वरच्या दालनात पोचली. रंगवलेल्या एका शवपेटीसमोर यमुनाआजी एकट्या उभ्या होत्या. काचेपलीकडून दोन मोठे काळे डोळे त्यांच्याकडे बघत होते. आजींनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्या अगदी हळू आवाजात, शेजारी कोणीतरी उभं असल्यासारख्या, बोलत होत्या.

"बघा," त्या म्हणत होत्या, "आलो की नाही आपण."