पांढऱ्या शर्टाचा उजेड

पोकुआ मावशी हिरवी दिसत होती!

एकटी तीच नव्हे, तिच्या मागचे भाऊ, भावजया, नातवंडं... सगळी कच्च्या केळ्यासारखी हिरवीगार. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर उचलली. वर पाहिलं, तर हिरवा मांडव.

आमच्या कुमासी शहराच्या बाजारात फ्लॅश घेताना मीच ऐटीत म्हटलं होतं, मान वळणारा द्या. समोरून उजेड मारला की दुखवट्याचे काळे कपडे गडप होतात आणि कपाळं तेवढी चमकतात. मान वर केली की तोच उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. पण छत पांढरं लागतं, हे मी साफ विसरले होते.

आणि आज चुकून चालणार नव्हतं. ब्याण्णव वर्षांच्या नाना सारपोमा (आमच्याकडे आजीला नाना म्हणतात) सोनेरी पलंगावर शेवटच्या निजल्या होत्या. त्यांची थोरली लेक म्हणजे ही पोकुआ; मी नात्यातली नव्हे, नुसती फोटो काढणारी, पण तिला सगळेच मावशी म्हणतात. सकाळीच तिनं मला बजावलं होतं, "आडोमा, बाकीचे फोटो बिघडले तर बिघडू देत. पण नानाभोवतीचा हा एक! यातून घरचं एकही माणूस सुटता कामा नये."

तेवढ्यात तो दिसला. काळ्या-तांबड्या गर्दीत एकटाच पांढऱ्याशुभ्र शर्टातला. खांद्याला पिशवी, आणि कोपऱ्यात मुकाट्यानं खुर्च्या रचत होता.

"अहो खुर्चीवाले! इकडे या. माझ्या डाव्या हाताला उभे राहा."

"मी?"

"तुम्हीच. आज तुम्ही भिंत."

"भिंतीला... जेवायला मिळतं का?"

"भिंती बोलत नाहीत!"

तो किंचित हसला. मी फ्लॅशची मान त्याच्या छातीकडे वळवली आणि बटण दाबलं. मावशीचा रंग परत आला! नानांचा चेहरा तर असा उजळला, की जेवून जरा आडव्या झाल्यात असंच वाटावं. आनंदाच्या भरात मी त्याचा दंडच धरला. तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता. नानांकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"फ्लॅश लागला का डोळ्यांना?"

"हो... फ्लॅशच."

मग नानांना शवपेटीत ठेवलं, पेटी बंद झाली. नाना मातीआड गेल्या.

दुपारी मावशीनं फोटो पाहिले. "झकास! फक्त येबोआ तेवढा नाही."

"कोण येबोआ?"

"अगं, नानाच्या मांडीवर वाढलेला नातू! तूच तर त्याला शेजारी उभा केला होतास. मी डोळ्यांनी बोलावलं, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. म्हटलं, असेल बाई तुमचं काही ठरलेलं."

म्हणजे तो खुर्चीवाला!

घरामागे तो हात धूत होता. "बोलला का नाहीत तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच. "आता तो फोटो मी कुठून आणू?"

"दूर तमालेहून रातभर प्रवास करून पहाटे आलो, काळे कपडे घालायचंही सुचलं नाही. फाटकातच पाय अडले..." त्यानं ओले हात झटकले. "त्यांच्यात उभा राहिलो असतो तर कोसळलो असतो. तू काम दिलंस. आणि नानाच्या तोंडावरचा उजेड... तो माझ्या शर्टावरून गेलाय ना?"

मी त्याच्यावर चिडले होते, स्वतःवर त्याहून जास्त. आणि त्या चिडण्यातच तो मला आवडून गेला. अशा दिवशी! माझं मलाच नवल वाटलं, लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी प्रार्थनेला निघण्याआधी तो फोटो संगणकावर मोठा केला. आणखी काही चुकलंय का, एवढंच बघायचं होतं. मावशीच्या डोळ्यापाशी आले आणि माझा हात थांबला. बुबुळात पांढरा चौकोन... तो शर्ट! तिच्या भावांच्या डोळ्यांत तोच. धाकट्या पोरींच्याही डोळ्यांत तोच. घरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत येबोआ उभा होता.

दफनानंतरच्या आभाराच्या प्रार्थनेला पांढरं घालतात, म्हणून चर्चच्या अंगणात सगळे आज पांढऱ्या कपड्यांत होते. मावशीनं चष्मा चढवून माझ्या फोनवर ते मोठे केलेले डोळे न्याहाळले आणि तिला रडूच फुटलं.

"म्हणजे घरचं कुणी सुटलं नाही गं!" मग डोळे पुसून तिनं पुन्हा वाकून पाहिलं. "पण त्याच्या शेजारी हा काळा ठिपका कोण?"

"मी..." मी कबूल केलं.

"तू? घरच्यांच्या फोटोत?"

येबोआ माझ्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला, कालच्याच जागी.

"मावशी," तो म्हणाला, "तिलाही सुटू देऊ नका."

मी इतकी दचकले, की त्याच्याकडे वळताना गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या बटणावर बोट पडलं. तो फोटो अजून माझ्याजवळ आहे. थोडा हललाय, पण त्यात येबोआ आहे.