आधी वांग्याचा फोटो

"हे कोनाच्या घरचं लग्न पाहून राह्यले तुमी?"

रक्षाने दारात चप्पल काढता काढताच विचारलं. तिला खरं तर बी.एड.च्या पाठाची चार पानं टाइप करून हवी होती. नेहमीचं दुकान लोडशेडिंगमुळे बंद, म्हणून ती वर्ध्याच्या बसस्टँडमागच्या या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पहिल्यांदाच शिरली होती. आणि शिरल्या शिरल्या दिसलं काय, तर हळद लागलेली एक नवरी, डोळे मिटून हसणारी, पडद्यावर भली मोठी! आणि तिच्यापुढे खुर्चीत रेलून बसलेला एक सावळा, लांब बोटांचा पोरगा.

तो दचकला. मग हसला.

"गिऱ्हाइकाच्या घरचं हाये जी. त्याइचा पोरगा मस्कतले राह्यते. त्याले तिथून पाह्यता यावं म्हनून फोटो इंटरनेटवर चढवून राह्यलो. काका चहा प्याले गेले."

"म्हंजे ज्याइचे फोटो ते बाहेर, आन तुमी पाहून राह्यले."

"चढवाचे म्हंजे पाहाच लागते ना."

"डोये मिटून नाई चढवता येत?"

त्याने खरंच डोळे मिटले. चाचपडत माउस शोधला, कुठे तरी दाबलं... आणि नवरीच्या जागी बुंदी खाणारा एक म्हातारा आला. रक्षाला हसू फुटलं. ते तिने ओढणीआड लपवलं. संशय मात्र लपवला नाही. पानं टाइप होईपर्यंत ती त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि निघताना म्हणाली, "माया पाठ तुमच्या कॉम्प्युटरमधून काढून टाका. मायासमोर."

त्याने काढून टाकला. तिच्यासमोर. त्याचं नाव आदेश, हे तिला भिंतीवरच्या परवान्यावरून कळलं.

ती काही जन्मजात संशयी नव्हती. तिची मैत्रीण सरिता तिच्याच गावची, सिंदीची, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिचा स्नेहसंमेलनातला एक साधा फोटो कुठल्याशा कॅफेच्या कॉम्प्युटरवर राहून गेला. तो कोणी उचलला, त्यात काय काय जोडलं, किती मोबाइलवर फिरवला, काही कळलं नाही. जमलेली सोयरीक तेवढी मोडली. सरिता अजून बाजारात तोंड बांधून जाते. तेव्हापासून रक्षाला कॅमेरा दिसला की पाठ फिरवावीशी वाटायची.

तरीही आठ दिवसांनी ती पुन्हा त्याच दुकानात आली. पर्समध्ये एक सीडी होती.

मोठ्या बहिणीच्या, आचलच्या लग्नाची सीडी. लग्नानंतर दोनच वर्षांनी आई गेली. आईचे, म्हणजे मंदाबाईंचे, फोटो घरात पुष्कळ होते, पण हलणारी, बोलणारी आई या सीडीत तेवढी होती, तीन मिनिटं. जावयाला ओवाळताना ती एकदम कॅमेऱ्याकडे वळते आणि करवादते, "मायावर काऊन धरून राह्यला? पोरीवर धर ना!" बस, एवढंच. मूळ कॅसेटला बुरशी लागली होती. तिच्यावरून केलेल्या दोन सीड्यांपैकी एक गेल्या दिवाळीत अडकली. आई हात वर करून थांबली, तिचे चौकोन चौकोन झाले आणि मग नुसता निळा पडदा उरला. बाबा कितीतरी वेळ त्या निळ्या पडद्यापुढे बसून होते.

"हे कुठं ठेवलं म्हंजे जानार नाई?" तिने विचारलं.

आदेशने या वेळी थट्टा केली नाही. "इंटरनेटवर दोन-चार जागा हायेत. फोटो, व्हिडिओ ठेवाच्या."

"ते राह्यते कुठं पन? कोनाच्या घरी?"

"अमेरिकेत असन कुठं तरी. मोठमोठ्या खोल्या, नुसते कॉम्प्युटर."

"चाबी?"

"तुमच्यापाशी. पासवर्ड."

"आन दुसरी चाबी?"

थाप मारता आली असती त्याला. "असन... त्याइच्यापाशी बी असन."

"खरं त बोलले," रक्षा म्हणाली. मग सीडी परत पर्समध्ये टाकली. "आधी आई नाई ठेवत मी. आधी दुसरं काही तरी ठेवून पाहू. गेलं तरी चालते असं."

आदेशने इकडे तिकडे पाहिलं. खुर्चीखाली एक थैली होती. त्याचे वडील दौलतराव नालवाडीला भाजीपाला पिकवायचे आणि पहाटे माल बाजारात पोचवूनच तो दुकान उघडायचा. त्याने थैलीतून एक वांगं काढलं, शर्टाला पुसलं आणि टेबलावर उभं केलं.

"हे चालते?"

"काटे हायेत त्याले."

"तुमच्यासारखं हाये," तो म्हणाला... आणि लगेच मोबाइलच्या कॅमेऱ्यात डोकं खुपसलं.

असं ते सुरू झालं. तीन वेगवेगळ्या जागी तिच्या नावाने तीन खाती उघडली आणि तिन्हींत एकच वांगं ठेवलं. दर मंगळवारी कॉलेज सुटल्यावर ती यायची आणि वांगं आहे का, तसंच आहे का, कोणी पाहिलं का, हे तपासायची. पासवर्ड टाकताना ओढणी कीबोर्डवर पसरायची, आदेश न सांगता तोंड फिरवून बसायचा. एकदा तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीकडे गेलं. काचेत अख्खा पडदा दिसत होता!

"तुमी त्यात पाह्यता."

"मी गणपतीले पाह्यतो."

"तुमी बाहेर जा."

पुढच्या मंगळवारपासून तिने कीबोर्डला हात लावला, की तो स्टूल उचलून बाहेर फुटपाथवर जाऊन बसायचा. येणारे जाणारे विचारायचे, "काऊन रे, बाहेर काढलं का तुले?" तो म्हणायचा, "गिऱ्हाइक आत हाये." आतून ती पाठमोरा आदेश पाहत राहायची. कापसाच्या गाड्यांचे दिवस होते. हवेत कापूस तरंगायचा आणि त्याच्या केसांत एखादा पुंजका अडकून बसायचा. तो काढावासा वाटायचा. मग तिला स्वतःचाच संशय यायचा... आपण वांगं पाहायला येतो, की?

पहिल्या जागी पाचव्याच दिवशी वांग्याखाली कोणा परक्याने लिहिलं होतं, "व्हेरी ब्यूटीफुल."

"वांग्याले कोन ब्यूटीफुल म्हनते?" रक्षा ताडकन उभी राहिली.

आदेशने शोधून काढलं. तिथे ठेवलेलं सगळं, आपण वेगळी खूण केली नाही तर, जगाला उघडं असायचं. "ही खूण मायाकून राह्यली. चूक मायी."

ती जागा बाद झाली. दुसरीकडून महिन्याभराने पत्र आलं, की आम्ही ही सेवा बंद करतो आहोत, तीस दिवसांत आपलं सामान घेऊन जा. रक्षाने ते पत्र दोनदा वाचलं. "आपन पाह्यलं नसतं, अन् त्यात आई असती त?"

"म्हनून त वांगं ठेवलं तुमी," आदेश हळूच म्हणाला. "मले त हे सुचलं नसतं."

तिसऱ्या जागी वांगं दोन महिने जसंच्या तसं राहिलं. काट्यांसकट. कोणी पाहिलं नाही, कोणी बोललं नाही. मार्च उजाडला होता. कूलर नसलेल्या त्या खोलीत पंखा गरगरत होता, आणि आदेशने नालवाडीहून आणलेल्या काकड्या ती मीठ लावून खात होती.

"झालं मंग? आता ठेवाचा व्हिडिओ?" त्याने विचारलं.

जागा पास झाली होती. पण माणूस? पासवर्ड शेवटी याच कॉम्प्युटरवर टाकायचा, सीडी शेवटी याच हातात द्यायची. सरिताच्या वेळचा कॅफेवालाही म्हणे बोलायला गोडच होता... रक्षाने त्या दिवशी एक सापळा लावला. पुण्याला नोकरी करणारा तिचा आतेभाऊ हेमराज, गॉगल घातलेला, ऐटीत मोटरसायकलवर बसलेला. त्याचा फोटो तिने त्या खात्यात टाकला आणि खाली लिहिलं, "माझे होणारे. पुणे." चोरून पाहणारा असेल, तर त्याच्या तोंडावर दिसल्याशिवाय राहणार नाही.

पुढच्या मंगळवारी दिसलं.

काकडी नव्हती. थट्टा नव्हती. "या मॅडम," तो म्हणाला. मॅडम! तिने कीबोर्डला हात लावायच्या आतच तो स्टूल घेऊन बाहेर गेला आणि तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सापडला. सापळा बरोबर बसला होता. चोर धरल्याचा आनंद व्हायला हवा होता तिला, पण तो झाला नाही. हाच निघाला शेवटी... हाच का निघाला?

तिने खातं उघडलंच नाही. तरातरा दाराशी गेली.

"तुमी मायं खातं उघडून पाह्यलं."

"काय?"

"खोटं बोलू नका. फोटो पाह्यला ना? म्हनून तोंड पाडून बसले."

आदेश उठला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला. "मी तुमच्या खात्याले हात लावला नाई. दोन महिने फुटपाथवर बसून राह्यलो, ते काय गंमत म्हनून?"

"मंग तुमाले कसं कयलं मायं लग्न ठरून राह्यलं म्हनून?"

"तुमच्या बाबांनी सांगतलं! हिंगनघाटच्या पोराचं."

"पुन्याच्या."

"पुन्याचा कोन? हिंगनघाटचा ना? कापसाच्या जिनिंगवाल्याचा पोरगा."

रक्षा बघतच राहिली. हिंगणघाटचं तिच्या खात्यात काहीच नव्हतं. हिंगणघाटचं तिलाच माहीत नव्हतं.

"बाबा... इथं आलते?"

आता त्याचा राग ओसरला. "शुक्रवारी. तुमचा फोटो घेऊन. स्कॅन करून हिंगनघाटले मेल करून दे म्हने. रविवारी पाह्याले येनार हायेत ना ते लोक?" तो अडखळला. "तुमाले... माहीत नवतं?"

तिने नकारार्थी मान हलवली. समोरच्या रस्त्यावरून एक रिकामी गाडी खडखडत गेली. जगभरच्या चोरांवर तिने दोन महिने पहारा ठेवला होता, आणि तिचा फोटो तिच्या घरातूनच गेला होता.

"तुमच्यापाशी राह्यला असन तो," ती कसंबसं म्हणाली. "स्कॅन केलेला."

"नाई. बाबांसमोरच काढून टाकला. तुमाले आवडलं नसतं." तो स्टुलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत राहिला. "पन ठेवावा वाटलता... खोटं काऊन बोलू? लय वाटलं. बोट होतं त्या बटनावर. नंतर वाटलं, आता तर त्या हिंगनघाटवाल्यापाशी राहील जन्मभर. मायापाशी एक राह्यला त का बिघडते? ... तरी नाई ठेवला."

रक्षाने हात पुढे केला, त्याच्या केसांतला कापसाचा पुंजका काढला आणि स्टेशनकडे चालू लागली. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की मूठ अजून मिटलेलीच आहे.

सिंदीत तिचे बाबा, बंडूजी, आपल्या किराणा दुकानात साखर मोजत होते. रक्षाने शेवटचं गिऱ्हाइक जाईपर्यंत वाट पाहिली.

"माया फोटो हिंगनघाटले पाठवला, बाबा?"

"पोरीच्या बापाले पाठवाच लागते."

"मले विचाराचं त होतं. तो आता कोना-कोनाच्या घरी फिरून राह्यला, कोन कोन पाहून राह्यलं, तुमाले तरी माहीत हाये? सरिताचं आपन पाह्यलं ना?"

बंडूजींचा हात तराजूवर थांबला.

"उद्या मायासंग वर्ध्याले चला," ती म्हणाली. "आईची सीडी इंटरनेटवर ठेवाची हाये. एकटी नाई ठेवत. तुमाले विचारून ठेवते."

दुसऱ्या दिवशी आदेशच्या दुकानात पाय ठेवताच बंडूजी थबकले. "हे त तेच पोरगं! मी त्याले फोटो पाठव म्हनलं, तर मलेच उलटं विचारे. पोरीले माहीत हाये का म्हने! म्या म्हनलं, तुले कायले पाह्यजे?"

हे आदेशने तिला सांगितलं नव्हतं. रक्षाने त्याच्याकडे पाहिलं. तो वायर नीट करण्यात अगदी गुंतून गेला होता.

व्हिडिओ चढायला तास लागणार होता. बंडूजींनी त्या तासात एकही प्रश्न सोडला नाही. कंपनी बुडाली तर? चोरी झाली तर? बाईमानसाचा व्हिडिओ, कोनी पाह्यला तर? आदेश एकेकाचं उत्तर देत गेला आणि माहीत नसेल तिथे "माहीत नाई काका" म्हणत गेला. सीडी फेकू नका, उलट अजून एक करून आचलताईकडे ठेवा, एकाच जागेवर भरवसा टाकू नये, असंही त्यानेच सांगितलं. तीनला लाइट गेली. इन्व्हर्टर कुरकुरू लागला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत राहिली. ब्याण्णव... पंच्याण्णव... तिघंही श्वास धरून बसले होते.

झालं.

रक्षाने खातं उघडलं, तेव्हा सवयीने आदेश स्टूल उचलू लागला.

"बसा," ती म्हणाली.

मंदाबाई आल्या. थांबत थांबत, अडखळत, पण आल्या. ओवाळता ओवाळता वळल्या आणि करवादल्या, "मायावर काऊन धरून राह्यला? पोरीवर धर ना!"

बंडूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने ते खाकरले, आणि आदेश पाण्याचा ग्लास आणायला उठलेला पाहून पोरीच्या कानाशी वाकले.

"हे पोरगं... भरवशाचं हाये का पन?"

"दोन महिने तपासलं, बाबा."

"कोनाले? त्या इंटरनेटले?"

"दोघाइले."

मागे ग्लास टेबलावर जरा जोरातच ठेवला गेला. पाणी सांडलं. बंडूजींनी एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा पोरीच्या लाल झालेल्या कानाकडे, मग त्या लांब बोटांच्या पोराकडे चांगलं खालपासून वरपर्यंत. संशयाने. जसं घरचा माणूस पाहतो तसं.

"अन् मंग रविवारचं?" ते शेवटी म्हणाले. "हिंगनघाटवाल्याइले काय सांगू मी?"

रक्षाने ओढणी सावरली.

"सांगा, फोटो काढून टाका म्हना. तुमच्यासमोर."