वीस मिनिटांचा दोष

चष्मेवाल्याची गाडी बंद पडली ती नेमकी आमच्या गॅरेजच्या दारात, आडवी. लाल, दोन सीटची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार. वयानं माझ्याहून थोरली. आत गिऱ्हाइकं अडकलेली, बाहेर हॉर्न वाजतायत, आणि हा स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला. माझ्या नाकावर राग तसा कायम मुक्कामालाच असतो. मी त्याला खाली उतरवलं, स्वतः बसले, किल्ली फिरवली... आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"तुम्हाला घाबरली," तो म्हणाला.

अशी मी तोंडघशी पडले. हसताना त्याचा चष्मा घसरायचा आणि तो करंगळीनं वर सरकवायचा. तिकडे बघायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

त्याचं चौकात चष्म्याचं दुकान. गाडी काकांची, काका गेल्यावर याच्याकडे आलेली. लहानपणी त्यांनी याच गाडीत मांडीवर बसवून त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं होतं. आता तिची लक्षणं काही खरी नव्हती. एका मेकॅनिकनं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं स्टार्टर बदलला, तरी मनात आलं तर सुरू, नाहीतर नुसतं 'टक्'. त्याची आई वैतागली होती. पुढच्या शनिवारपर्यंत सुधारली नाही तर विकायची, असं तिनं बजावलं होतं, आणि घेणारा तयारच होता.

आमच्या बाबांचा नियम असा, की दोष डोळ्यांनी दिसल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. मी चष्मेवाल्याला एक वही दिली आणि कधी बंद पडली, किती वेळ उभी होती, सगळं लिहायला सांगितलं. सोमवारी तो आला. वही छातीशी धरून वाचून दाखवलं, की गाडी तापवून थांबवली आणि वीस मिनिटांनी किल्ली फिरवली की घोटाळा होतो.

मग काय... रोज संध्याकाळी आम्ही गाडी तापवत तलावापर्यंत न्यायचो, बंद करायचो आणि कठड्यावर वीस मिनिटं बसायचो. गार होणारं इंजिन टिकटिक करायचं. पाण्यावरून वारा यायचा. मी मांडीवरच्या, व्होल्ट मोजायच्या मीटरकडे बघत राहायचे आणि तो माझ्याकडे.

"मीटर वाचताना डोळे बारीक करता. नंबर आहे तुम्हाला."

"मला सगळं स्पष्ट दिसतं."

"मग कधीतरी बाजूलाही बघा की."

मंगळवारी गाडी गुणी बाळासारखी सुरू झाली. बुधवारी मात्र 'टक्' झालं, मीटरचा आकडा उडाला आणि मी बोनेटखाली घुसले. इंजिनला सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची जाड वायर. बोल्ट वरून घट्ट, खाली गंज. तापलं की पकड सुटायची. अर्ध्या तासाचं काम! मी वायर हलवली, गाडी सुरू झाली, आणि मी त्याला सांगितलं, "अजून खात्री नाही."

आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलले. घरी बाबांच्या नजरेला नजर देववेना. गुरुवारीही जीभ उचलली नाही.

शुक्रवारी कठड्यावर बसताच तो म्हणाला, "उद्या सकाळी घेणारा येतोय. मी हो म्हटलं. किती दिवस तुम्हाला त्रास देऊ?"

माझ्या चार गोड संध्याकाळींपायी त्याच्या काकांची गाडी चालली होती.

"दोष मला बुधवारीच सापडलाय," मी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर गाडी सुरू झाली असती... रोज. तुम्हाला यायचं कारणच उरलं नसतं." आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला तुम्ही आवडता. रागवा हवं तर, मी उलट बोलणार नाही."

तो उठून गाडीकडे चालू लागला. संपलं, मी मनाशी म्हटलं. पण त्यानं गाडीतून वही काढली आणि तिथूनच, दुकानातला अक्षरांचा तक्ता दाखवावा तशी, माझ्यासमोर उघडून धरली.

"वाचा."

अक्षरं नुसती मुंग्या! मी एक पाऊल पुढे गेले, मग आणखी दोन. नंबर होता मला, मेल्याचं खरं होतं. अगदी त्याच्या हाताशी आले तेव्हा अक्षर लागलं. शनिवार, दहा मिनिटं उभी, मग 'टक्'. रविवार, दहा. पुन्हा दहा.

"वीस कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत." करंगळी चष्म्याकडे गेली. "तुमचा राग उतरायलाच दहा मिनिटं लागतात. मला त्यानंतरची दहा हवी होती."

मी हसले, आणि डोळ्यांत पाणीही आलं, पण ते लपवायला बोनेट होतंच. गंज घासला, बोल्ट आवळला. तोवर त्यानं घेणाऱ्याला फोन करून माफी मागितली, आईला कळवलं. किल्ली फिरवली तशी गाडी सुरू झाली. एकदा, दोनदा, दहादा.

अकराव्यांदा त्यानं ती बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.

"आता काय?"

"खात्री नको करायला? वीस मिनिटं बस माझ्यापाशी."

त्यानं मला पहिल्यांदाच 'बस' म्हटलं होतं. मी मीटर पिशवीत ठेवलं आणि बाजूला बघितलं.