गिरिधरच्या नावानं चालू असलेला सर्व्हर

हसायचं तर हसा, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रात्रही नव्हती. २००३ सालची खंडेनवमी, भर दुपार, जुना जालना.

मी एका स्कॅन सेंटरमध्ये ऑपरेटर होतो. स्कॅन इथे निघायचा, तो बघणारे डॉक्टर औरंगाबादला. आम्ही कॉम्प्युटरवर एफटीपी सर्व्हर सुरू करायचा, मग ते फोनलाइनवरून स्कॅन उतरवून घ्यायचे.

खंडेनवमीला मशिनींची पूजा. एकदा हळदकुंकू वाहिलं की दिवसभर हात लावायचा नाही, असा मालकांचा दंडक.

तेवढ्यात आष्टीहून मच्छिंद्र त्याच्या आईला घेऊन आला. चतुराबाई माळवदावरून डोक्यावर पडल्या होत्या.

"भाऊ, माय डोळेच उघडून न्हाई राह्यली. जल्दी करा!"

दंडक गेला खड्ड्यात. मी झेंडूचा हार बाजूला केला, स्कॅन काढला. समोरच्या दवाखान्यातले सर्जन औरंगाबादच्या शब्दासाठी थांबले होते. इथेच ऑपरेशन करायचं की तिकडे हलवायचं?

सर्व्हर सुरू केला.

झाला नाही.

पडद्यावर एकच ओळ... पोर्ट आधीच वापरात आहे.

म्हणजे खुर्चीवर आधीच कोणीतरी बसलंय. दुसरा सर्व्हर चालू आहे. पण कॉम्प्युटर तर मी आत्ताच लावला होता!

कोणी चालू केलाय ते बघितलं. नाव होतं...

गिरिधर.

गिरिधर माझ्याआधीचा ऑपरेटर. मागच्या खंडेनवमीला स्कूटरवरून पडला. पूजा मोडायची नाही म्हणून त्याचाच स्कॅन संध्याकाळपर्यंत गेला नाही. रात्री तो वारला. त्याचं खातं आम्ही केव्हाच काढून टाकलं होतं.

मी तो सर्व्हर बंद केला.

परत चालू... गिरिधर.

पुन्हा बंद केला. पुन्हा गिरिधर.

हार्डडिस्क करकरायला लागली. कोणीतरी स्कॅन उतरवून घेत होतं.

पण मोडेमची वायर टेबलावर तशीच पडली होती. लाइन एकच, ती टेलिफोनला लावलेली. मग स्कॅन जात कुठून होता?

"गिरिधरभाऊ, सोडा ना! मावशी जाईल हो!" मी ओरडलो.

मच्छिंद्र दचकला. "कोणाशी बोलून राह्यले, भाऊ?"

करकर थांबली...

टेलिफोन वाजला. औरंगाबादचे डॉक्टर होते.

"स्कॅन मिळाला. रक्त साचलंय. हलवू नका, तिथेच ऑपरेशन करा."

"सर... माझा सर्व्हर तर सुरूच झाला नाही."

ते वैतागले. "मग मघाशी फोन कोणी केला? म्हणे, सर जल्दी उतरवा, मागच्या वेळी उशीर झाल्ता."

चतुराबाई वाचल्या. मी महिनाभरात नोकरी सोडली.

लोक विचारतात, भुताची भीती वाटते का? गिरिधरची नाही वाटत. पण तो तिचा जीव वाचवत होता आणि मी त्याला दोनदा बंद केलं होतं... हे मात्र मनातून जात नाही.