भिंतीपासून तीन सेंटिमीटर

तिनं करकचून ब्रेक दाबला आणि डोक्यामागच्या फळीवरचे सगळे कपडे एकदम पुढे आले. दोन टी-शर्ट मांडीवर, टॉवेल गिअरवर आणि निळ्या पट्ट्यांचा पायजमा थेट तिच्या डोळ्यांवर.

पायजमा बाजूला सारला, तर काचेपलीकडे एक माणूस उभा. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या गळ्यात मोजपट्टी होती, केसांवर पावसाचे बारीक थेंब होते आणि चेहऱ्यावर हसू दाबून ठेवल्याच्या सगळ्या खुणा.

तिनं काच खाली केली.

“पायजमा पायांत घालतात,” तो म्हणाला. “म्हणजे... बहुतेक लोक.”

“मांजर आडवं आलं मध्येच.”

“आमचंच आहे. त्याला हीच वेळ बरी वाटते रस्ता ओलांडायला.”

“मग बांधून ठेवा ना त्याला!”

“त्याला कशाला? बांधायला तुमच्या कपड्यांना हवं.”

त्याच्या मागे एक दुकान होतं. दारात तंबूचं कापड, ताडपत्रीचे गुंडाळे आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं टांगलेली. आतून मशीनचा जाडजूड आवाज येत होता. तिनं एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या ढिगाकडे. निघायला दहा दिवस उरले होते आणि कपड्यांचं काय करायचं, हा एकच प्रश्न तिच्या यादीत अजून खूण न झालेला होता.

व्हॅन तिची स्वतःची, पण लहान. घडीचा पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी एवढ्यातच ती भरली होती. वर्षभर ती एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाणार होती, प्रत्येक तळ्याचं तापमान आणि पाण्यातला ऑक्सिजन मोजत. हे काम मिळावं म्हणून तिनं तीन वर्षं अर्ज केले होते. घरात सगळ्यांना तिचं कौतुक होतं. फक्त आई अधूनमधून विचारायची, “अगं, पण तू कपडे कुठे ठेवणार?”

दुसऱ्या दिवशी ती व्हॅनसाठी कापडी कप्पे शिवून घ्यायला दुकानात गेली, ती यादी घेऊनच. कपड्याचं नाव, संख्या, घडीची लांबी, रुंदी, जाडी. एकूण अठ्ठेचाळीस कपडे.

त्यानं यादी नीट वाचली. अगदी शेवटपर्यंत.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण तुम्ही यादी घालून फिरणार आहात का? कपडे आणा.”

“सगळे?”

“सगळे. कापड हातात घेतल्याशिवाय मला कळत नाही.”

मशीनवर बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या त्याच्या आत्या; दुकान त्यांचंच. “आण गं पोरी. लाजू नकोस. ह्याला माणसांपेक्षा कपड्यांशी बोलायला जमतं.”

“आत्या!”

“खोटं बोलतेय का मी? मागच्या महिन्यात ते पाहुणे आले होते, तर हा पठ्ठ्या त्यांच्या जाकिटाच्या चेनबद्दल तासभर बोलला. मुलीशी एक शब्द नाही.”

तिला हसू आलं. त्याचे कान लाल झाले. कान लाल होणं म्हणजे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावणं, हे तिला माहीत होतं. पण ते इतकं छान दिसतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

तिनं कपडे आणले. मोठ्या टेबलावर त्यानं ते पसरले आणि एकेक उचलून बघायला लागला.

“हा शर्ट तुम्ही कधीच घालत नाही.”

“कशावरून?”

“घडी बघा ना. वर्षभर हललेली नाही. आणि हा—” त्यानं राखाडी शर्ट उचलला. त्याचा कोपर विरला होता. “हा आठवड्यातून तीनदा.”

“चारदा,” ती म्हणाली.

“म्हणजे हा हाताशी हवा. झोपेतूनही सापडला पाहिजे.” तो थांबला. “आणि ओले कपडे कुठे ठेवणार?”

तिनं यादीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. वर्षभर पाण्यात हात घालून काम करायला निघालेल्या बाईनं ओल्या कपड्यांना रकानाच दिला नव्हता!

“राहिलं...” ती म्हणाली.

“राहू दे. दाराजवळ जाळीचा कप्पा करू. खालून पाणी गळेल, वरून वारा लागेल.”

त्यानंतर ती रोज यायला लागली. कधी कापडाचा रंग ठरवायला, कधी चेन लावायची की पट्टी, हे विचारायला. एकदा तर नुसतं ‘मोजायचं काही राहिलं का’ म्हणून. तो व्हॅनमध्ये शिरून मोजायचा आणि ती दारात उभी राहून आकडे लिहून घ्यायची. पलंगावर गुडघे टेकलेले, दातांत खडू धरलेला, एक डोळा बारीक केलेला. बोलताना खडू काढायचं त्याला सुचायचं नाही, त्यामुळे ‘चौसष्ट’ हा आकडा तिला तीनदा विचारावा लागायचा. दुसऱ्या खेपेलाच तो कळायचा, हे तिनं कधी सांगितलं नाही.

“तळ्यांवर एकट्याच?” एकदा त्यानं विचारलं.

“हो. भीती वाटते का, असं विचारणार ना आता?”

“नाही. विचारणार होतो, संध्याकाळी मोजमाप झाल्यावर... बोलता कुणाशी?”

तिनं हातातली वही मिटली. “वहीशी,” ती शेवटी म्हणाली.

“वही हसते का?”

“नाही. पण मध्येच खडूही चघळत नाही.”

तो इतका हसला, की खडू खरंच खाली पडला.

दिवस मात्र तिच्या सोयीनं थांबत नव्हते. दहाचे सहा झाले, सहाचे चार. सोमवारी सकाळी निघायचं होतं. निघायचं की नाही, असा प्रश्न तिला एकदाही पडला नाही. प्रश्न एवढाच होता, की काम संपलं की ती त्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक होणार. व्हॅनवाली बाई. कापड खाकी, चेन पितळी, हिशेब पूर्ण. आणि काही न बोलता गेली, तर ते तसंच राहणार.

शुक्रवारी कप्पे बसले. भिंतभर खाकी कॅनव्हास, त्यावर लहानमोठे बारा खिसे, प्रत्येकाला आपली झडप. राखाडी शर्टाचा खिसा उशीच्या अगदी शेजारी. सगळे कपडे गुंडाळून आत गेले आणि पलंगही पूर्ण उघडला.

“झालं,” तो म्हणाला.

“झालं,” तीही म्हणाली. तिनं एक झडप उघडली आणि परत लावली. मग तो आपली मोजपट्टी गुंडाळत दुकानात गेला. नेहमीपेक्षा सावकाश.

त्या रात्री ती घरासमोर व्हॅनमध्येच झोपली, सराव म्हणून. सकाळी राखाडी शर्टाला हात लावला, तर तो गार आणि दमट. मागून कॅनव्हास भिजला होता. भिंतीच्या पत्र्यावरून पाण्याचे ओघळ खाली चालले होते.

ती उठून बसली. काय झालंय, हे कळायला तिला एक क्षणही लागला नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास, बाहेरून गार पडलेला पत्रा... वाफेचं पाणी होणारच. शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. म्हणूनच पहिल्याच दिवशी तिनं वहीत लिहून ठेवलं होतं: भिंतीपासून तीन सेंटिमीटर हवा खेळती ठेवणे. खाली दोनदा रेघ मारली होती. आणि त्याला सांगितलंच नव्हतं.

दुकान उघडायच्या आधीच ती दारात हजर.

“कप्पे ओले झाले,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

तो व्हॅनमध्ये गेला, कॅनव्हासच्या मागे हात घातला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “नाही. माझी.”

“माझी! मला माहीत होतं. लिहून ठेवलं होतं मी.”

“अहो, मी अकरा वर्षं तंबू शिवतोय. कापड पत्र्याला चिकटवायचं नाही, हे मला झोपेत माहीत आहे.”

“मग मी सांगायला—”

“मग मी ठेवायला—”

“चूक माझी म्हणून भांडणारी माणसं आज पहिल्यांदा बघतेय,” आत्या आतून म्हणाल्या. त्या बाहेर आल्या त्या हातात चार लाकडी पट्ट्या घेऊन. गुळगुळीत तासलेल्या, बरोबर तीन सेंटिमीटर जाडीच्या. “ह्या बघ. बुधवारीच कापून ठेवल्यात ह्यानं, मागे अंतर राहावं म्हणून. टेबलावर समोर पडल्या होत्या. आणि हा राजा शुक्रवारी कप्पे लावून मोकळा! कुठे होतं रे लक्ष?”

त्यानं पट्ट्या त्यांच्या हातातून घेतल्या.

“बरं, मला दोऱ्याची रिळं आणायची आहेत,” आत्या म्हणाल्या. पायऱ्या उतरता उतरता वळल्या. “तासभर लागेल. जास्तच लागेल.”

दोघांनी मिळून कॅनव्हास उतरवला. पत्रा पुसला. तो कप्प्यांच्या लाकडी चौकटीला मागून पट्ट्या ठोकत होता, ती खिळे देत होती. हातोडी थांबली, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “वहीत लिहिलं होतं, तर सांगायचं कसं राहिलं?”

“तुमच्या दातांत खडू होता,” ती म्हणाली. “आणि मी... वहीकडे बघत नव्हते.”

बाहेरून एक सायकल गेली. तो पुढची पट्टी उचलणार होता, ती त्यानं परत खाली ठेवली.

“माझंही तसंच,” तो म्हणाला. “शेवटचं माप घेतोय, हे डोक्यात होतं. बाकी काही राहिलंच नाही डोक्यात.”

तिनं त्याच्या हातात एक खिळा दिला. मग लक्षात आलं, की आधीचा अजून तिथेच आहे.

आता कप्पे तीन सेंटिमीटर पुढे आले होते आणि पलंग उघडेना. प्रत्येक खिसा तेवढाच उथळ करण्यावाचून इलाज नव्हता. चोवीसचे एकवीस. तिनं मनातल्या मनात भागलं: आठवा हिस्सा जागा कमी. अठ्ठेचाळीसपैकी सहा कपडे बाहेर.

“सहा काढावे लागतील,” ती म्हणाली. “राहू देशील... दुकानात?”

तिच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं होतं. ते दोघांनीही ऐकलं, दुरुस्त मात्र कुणी केलं नाही.

“दुकानात कशाला? माझ्या कपाटात ठेवतो,” तो म्हणाला. “एक कप्पा रिकामा करतो. दे.”

तिनं वेळ लावून निवडले. जाड स्वेटर. लोकरी टोपी. अस्तराचं जाकीट. मफलर, उबदार विजार आणि सगळ्यात वर लोकरी मोजे. घड्या घालून गठ्ठा त्याच्या हातांवर ठेवला.

त्यानं वरून खालपर्यंत चाळला. कपाळावर आठी आली. “अगं, निवडताना चुकलीस तू. ह्यातला एकही जास्तीचा नाही. थंडीत ह्यांच्याशिवाय कशी राहशील?”

“नाहीच राहू शकणार.”

“मग?”

“थंडी अडीच महिन्यांनी पडते,” ती म्हणाली. “तोवर कुणीतरी... म्हणजे एक तर मी इकडे यायला हवं, नाहीतर—”

गठ्ठा त्यानं छातीशी धरला. कान पुन्हा लाल झाले होते, आणि ह्या वेळी त्याला ते लपवायचं नव्हतं.

“पहिलं तळं किती लांब आहे?”

“चाळीस किलोमीटर. दोन महिने तिथेच मुक्काम. सकाळी सातची बस थेट जाते.” तिनं आधीच चौकशी करून ठेवली होती, हे त्याच्या लक्षात आलं.

“दर रविवारी दुकान बंद असतं,” तो म्हणाला. “सगळे एकदम आणले, तर तुझी जागा उगाच अडेल. एका रविवारी एक आणतो. चालेल?”

“सहा रविवार,” तिनं मोजलं.

“सात,” तो म्हणाला. “मोजे दोन आहेत.”