मेणातला पिकअप

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही, एवढंच सांगते. ज्याच्यावर हे बेतलं तो केयूर माझा मावसभाऊ. लहानपणी आम्ही भुताच्या गोष्टी सांगायला बसलो की हाच मधे तोंड घालून विचका करायचा. तो थापा मारणाऱ्यातला नाही.

कर्जतला, दहिवलीत त्याचं घर. गेल्या वर्षी कोजागिरी होऊन चार-पाच दिवस झाले होते. वेळ तिन्हीसांजेची.

त्याआधी श्रावणात त्याची बायको गेली होती. प्रणिता. तिला दमा होता. केयूर गाडी हाणत खोपोलीच्या हॉस्पिटलकडे निघाला, पण पळसदरीच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला. मागच्या सीटवर सासूच्या, म्हणजे माझ्या द्वारकामावशीच्या मांडीवर.

केयूर कॉलेजात वर्कशॉप शिकवतो. त्याला एकच वेड, पेडल स्टील गिटार. हे वाद्य गळ्यात अडकवत नाहीत. ते टेबलासारखं चार पायांवर उभं असतं. वर दहा तारा, खाली त्या ताणायची पेडलं. लोखंडी दांडा तारांवरून सरकवला की सूर माणसाच्या गळ्यासारखा वळतो. केयूरने ते स्वतःच्या हाताने बनवलं होतं.

तारांखाली असतो पिकअप. पिकअप म्हणजे भाजीचा टेंपो नव्हे. चुंबकावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली एक चपटी डबी. तारांची थरथर ती ऐकते आणि ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, पोचवते.

ही तांब्याची तार प्रणिताने गुंडाळली होती. तिच्या शिलाई मशीनवर, चिमटीत धरून, गुणगुणत.

घरचंच काम ते, गुंडाळी सैल राहिली. म्हणून त्या पिकअपला एक खोड होती. जवळ कुणी बोललं तर तेही त्याला ऐकू जायचं. प्रणिता मुद्दाम वाकून तारांपाशी म्हणायची, "चहा झालाय, साहेब." आणि ॲम्प घरभर गरजायचा. शेजारीपाजारी हसायचे.

तर त्या संध्याकाळी केयूरने श्रावणानंतर पहिल्यांदाच ॲम्प लावला.

घरात कुणी नव्हतं. मावशी देवळात गेली होती. दार लावलेलं. त्याने तारांना हातही लावला नव्हता.

ॲम्पमधून नेहमीची घरघर आली.

आणि त्या घरघरीत...

कुणीतरी गुणगुणत होतं.

तीच चाल. तार गुंडाळताना होती तीच.

माणसाने घाबरायला हवं होतं. केयूर घाबरला नाही. तो गिटारवर डोकं टेकून रडला.

मग रोज तेच. कॉलेजातून आला की ॲम्प लावायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. जेवणाचं ताटही तिथेच. मावशीच्या कानावर ती गुणगुण पडली तेव्हा तिने निरांजन लावलं आणि हात जोडले. लेक निदान बसून दोन घास खातो, एवढंच तिला पुरे होतं.

दिवाळी झाली आणि आवाज तुटायला लागला.

आधी खरखर. मग मधेच काहीच नाही. मग पुन्हा गुणगुण, पण लांबून आल्यासारखी. केयूरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पिकअप काढला, रुमालात गुंडाळला आणि खोपोलीच्या शिळफाट्याला पदूकडे नेला. पदू पंपाच्या मोटारी भरून देतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतो, आणि लग्नाच्या हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांचे पिकअपही. त्याने भिंग लावून पाहिलं. आतली तार सैल होती, हलून हलून झिजली होती. आज ना उद्या तुटणार.

पदूने त्याला एक नवा पिकअप दिला, दुहेरी गुंडाळीचा, घरघर न करणारा. केयूरने घरी येऊन तो बसवला. आवाज काचेसारखा स्वच्छ. कुणीही वाजवणारा त्यासाठी जीव टाकेल.

पण तारांना हात लावला नाही की चिडीचूप.

केयूरने तिला हाका मारल्या. तारांवर तोंड टेकवून मारल्या. त्याचा स्वतःचा आवाजही त्या पिकअपने ऐकला नाही.

मग पदूकडून जुन्यासारखाच एकेरी गुंडाळीचा एक भरून घेतला. त्याची घरघर आली, नुसती घरघर. गुणगुण नाही.

म्हणजे ती होती ती त्या जुन्या तारेतच. आणि ती तार तुटायला आली होती.

केयूर पुन्हा शिळफाट्याला गेला. तेव्हा पदूने मेणाचं सांगितलं. हळदीतले स्पीकर एवढाले असतात, की सैल पिकअप त्यांच्यापुढे किंचाळायला लागतो. म्हणून बेंजोवाल्यांचा प्रत्येक पिकअप तो वितळलेल्या मेणात बुडवून काढतो.

"यात बुडवला का आतली तार हलाची नाय, तुटाची बी नाय," पदू म्हणाला. "पन येक हाय, मास्तर. मंग त्याला फक्त गिटारीच्या तारा ऐकू येतील. बाजूला कोनी बोललं, तर कायपन ऐकू याचं नाय."

केयूर रुमालातला पिकअप उलटापालटा करत राहिला. मेणात टाकला तर कदाचित ती ऐकू येणार नाही. नाही टाकला तर एक दिवस कायमचीच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

"टाका," तो म्हणाला.

गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं, त्यात मेण. पदूने चिमट्यात धरून पिकअप बुडवला. वर बुडबुडे आले. आत अडकलेली हवा निघते, ते नेहमीचंच. थोड्या वेळात थांबतात.

हे थांबेनात...

येतच राहिले. आधी बारीक. मग मोठे, धापा टाकल्यासारखे.

"येवढ्याशा डबीत येवढी हवा कुठशी आली रं," पदू स्वतःशीच पुटपुटला आणि पिकअप वर काढायला लागला.

केयूरने त्याच्या हातातला चिमटा घेतला.

आणि बुडबुडे थांबेपर्यंत त्याने स्वतः पिकअप खाली दाबून धरला.

घरी आल्यावर त्याने तो जागेवर बसवला. दिवेलागण झाली होती. मावशी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. त्याने ॲम्प लावला.

काही नाही.

गुणगुण नाही. घरघर तेवढी, अगदी मंद.

मग...

एक बारीक शीळ.

आत ओढलेला श्वास.

मग काहीच नाही.

मग पुन्हा तो, आणखी ओढून काढलेला.

मावशी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा आवाज मला माहीत आहे," ती म्हणाली. "गाडीत ती माझ्या मांडीवर होती रे."

मेणातला पिकअप बाहेरचं काही ऐकत नाही. पदूने हेच तर बजावलं होतं. मग हा आवाज बाहेरचा नव्हताच.

ती आत होती.

त्याने पदूला फोन केला. मेण पुन्हा वितळवता येईल, पण तार तेवढं सोसणार नाही, असं पदू म्हणाला. केयूरने पातेलं गॅसवर ठेवलं. उतरवलं. पुन्हा ठेवलं. तार तुटली तर ती सुटेल की संपेल, कोण सांगणार?

त्या दिवसापासून त्याने ॲम्प बंद केला नाही.

बंद केला आणि तिचा श्वास तिथेच अडकला तर? चालू आहे तोवर निदान कळतं की पुढचा श्वास येतोय. त्याने इन्व्हर्टर बसवला. कॉलेजातून रजा घेतली. दाढी वाढली, डोळे खोल गेले. मायलेक पाळीपाळीने गिटारपाशी बसायचे.

एका संध्याकाळी मावशीने त्याला जबरदस्तीने उठवलं. मी बसते, तू आत नीट पाटावर बसून जेव, म्हणाली. तो गेला. ताटावरूनच त्याने विचारलं, "आई, चालू आहे ना?"

"आहे रे. जेव तू."

त्यालाही ऐकू येत होतं. शीळ. थांबणं. शीळ. किती दिवसांनी त्याने अख्खी भाकरी खाल्ली.

हात धुऊन तो बाहेर आला...

ॲम्पचा लाल दिवा विझलेला होता.

मावशी जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीत प्लग होता. गिटारची वायरही उपटून बाजूला टाकलेली.

"तू ताटावर बसलास तेव्हाच काढला मी," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म्हटलं, सुटेल बिचारी."

आणि खोलीत...

शीळ. थांबणं.

शीळ.

ॲम्प त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला. गिटार तिथेच आहे. मेण वितळवायचं धाडस अजून केयूरला झालेलं नाही. तो स्वच्छ आवाजाचा नवा पिकअप त्याच्या खोक्यात पडून आहे. आणि जेवायच्या वेळी अजूनही कुणीतरी एकजण गिटारपाशी बसतं.

गेल्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा ती पाळी माझ्यावर आली.

मी बसले. गिटारला कसलीही वायर नव्हती. मी माझा श्वास रोखला आणि कान दिला.

आतून केयूरने विचारलं, "चालू आहे ना गं?"

मी हो म्हटलं.

ते खोटं असतं तर त्या रात्री मला झोप लागली असती.