दहाव्याआधी दिलेली खोली

बसा गा पोरांनो, अन् हासू नका. कवडू माझ्यासंगं राइस मिलमध्ये पोती वाहायचा. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो. सन चोपन्न, कोजागिरीनंतरची चौथी रात्र.

त्या दिवशी सांजेला कवडू खोलीची चावी आणायला निघाला होता. तेव्हा गोंदियात मिलच्या कामाला माणसं गाड्या भरभरून उतरत. पण एक वेळ देव भेटेल, खोली भेटत नसे! लोकांनी गोठ्यांना दारं लावून बिऱ्हाडं थाटलेली. कवडूच्या बायकोला, फुलवंताला, नववा महिना लागला होता, अन् ती निजायची मिलच्या ओसरीवर, कोंड्याच्या ढिगाशेजारी. पोर उघड्यावरच होतं की काय, या धास्तीनं कवडूला घास गिळवेना.

चावी मिळाली. खोलीत आधी बिड्या वळणारा उदारामबाबा भाड्यानं राहायचा. म्हातारा एकटाच, चार दिवसांमागं गेलेला. जीव गेला त्या जागी शेजाऱ्यांनी दिवा लावला होता. दहाव्यापर्यंत तो दिवा कोणी हलवत नाही, अन् घरही दुसऱ्याला देत नाही. गेलेला माणूस तोवर घरी येत राहतो म्हणतात.

"दहावा तरी होऊ द्या, मालक," चावी घेताना कवडू खोलीच्या मालकाला म्हणाला.

"तुले नको असंल तर सांग. माह्या दारात वीस जन उभे हायेत."

काय करील बिचारा! खोली एवढीशी, हात पसरले की भिंत. फुलवंताची वाकळ अंथरायला जागा होईना, म्हणून कवडूनं आपल्याच हातानं दिवा उचलून बाहेर वळचणीला ठेवला. ठेवताना त्याचं काळीज हललं, हे तो मला दहादा बोलला.

रात्री साडेबारा. बाहेरची साखळी वाजली.

"कोन हाय?"

नुसता खोकला. म्हाताऱ्या माणसाचा...

पुन्हा साखळी. मग अगदी हळू, लाजल्यासारखा आवाज.

"सरकता का गा, जरासे..."

फुलवंता रडत रडत बोलली, "बाबा, तुमच्याच जागेवर निजलो जी आमी. पन कोठी जावं, सांगा ना... या. सरकतो आमी."

दोघं भिंतीला चिकटली. मग दाराजवळ एक उसासा. दमलेला माणूस अंग टेकतो, तसा.

उजाडलं. कडी आतून तशीच.

दाराजवळची जमीन उखणली होती, म्हणून शेजारणीनं सांजेला तेवढा पट्टा सारवून दिला होता. ओला म्हणून तिथं कोणी निजलं नव्हतं. त्या ओल्या शेणावर कुशीवर निजलेल्या माणसाची खूण होती. खांदा, कंबर, पावलं.

पाय लांब करण्यापुरती जागा होती गा तिथं. पण म्हाताऱ्यानं गुडघे पार पोटाशी घेतले होते.